आठव्या रविवारची फियाट

या खेपेला गाडी पसंत पडणारच, असं दिनेशने शनिवारीच जाहीर करून टाकलं होतं. त्याच्या बायकोला, संध्याला, तेवढी खात्री नव्हती. सात रविवारी सात गाड्या बघून झाल्या होत्या आणि तिच्या सासऱ्यांनी, हिरामणनानांनी, सातही परतवल्या होत्या. सायखेड्याची अँबेसिडर खालून सडलेली निघाली, ते ठीक. पण देवळाली कॅम्पातल्या फियाटचं दार लावताना म्हणे आवाज पोकळ आला. सिन्नरच्या गाडीच्या डाव्या दिव्याची काच उजव्याहून जरा पिवळी होती. जुनी गाडी घेणारा माणूस एवढं बघायला लागला तर जगात एक गाडी विकली जायची नाही, असं संध्याला वाटे. पण नाना नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं छापलेले कागद तपासून निवृत्त झालेले. शाई फुटलेली, रेघ हुकलेली नोट एका नजरेत बाजूला काढायची, याच कामाचा त्यांनी जन्मभर पगार घेतला. त्यामुळे नाना आणि खोट काढणार नाहीत, हे कसं शक्य आहे, असं म्हणून घरातले हसून सोडून देत.

हसून सोडून देणं हल्ली मात्र जड जात होतं. कारण गाडी बघायला एकट्यादुकट्याने जायची सोय नव्हती. सासूबाईंनी, रंगूबाईंनी, लग्न होऊन येताना सायखेड्याहून एक रीत आणली होती. त्यांच्या माहेरी बैल घ्यायचा तर घरातल्या प्रत्येकाने त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, मग विसार द्यायचा. एकाचा जरी हात लागायचा राहिला तरी सौदा थांबायचा. बैल राहिले सायखेड्याला, रीत आली नाशिकरोडला. स्कूटर, कपाट, दिनेशचा फ्लॅट, सगळ्याला सगळ्यांचे हात लागले. फ्रिजच्या वेळी दुकानदार हसला तेव्हा रंगूबाईंनी त्यालाही हात लावायला लावला होता. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. आता रीत चालवायची जबाबदारी नानांनी घेतली होती, आणि त्यापायी नांदगावला दिलेली मीनाताई दर रविवारी सकाळच्या रेल्वेने दोन तास बसून येत होती.

तिला घ्यायला दोघं स्टेशनावर उभे होते तेव्हा दिनेशने संध्याला मनातलं सांगितलं.

"बहात्तरची आहे. पन्नास वर्षांवरची. एजंट म्हणाला, व्हिंटेज म्हणून नोंदवली की पर्यावरण कराचं लचांड नाही, भंगारात काढायची भानगड नाही. नानांना हे एवढंच सांगायचं."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं काय?"

"तसली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही म्हणाला ना तो? प्रदर्शनाला, रॅलीला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि गॅरेजला. बस."

"ते कळेल त्यांना नंतर."

"नंतर म्हणजे घेतल्यावर."

"संध्या, बिटको चौकात स्कूटरवरून पडले तेव्हा कोण धावलं होतं? एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. चालवू नका म्हटलं तर मी वाईट. ही घेतली की त्यांची हौस होते आणि चावी खुंटीवर राहते. सांग, कुठे चुकतंय माझं?"

कुठे चुकतंय ते संध्याला सांगता येईना. चुकतंय एवढं कळत होतं.

मीनाताई उतरली ती हातात मेथीची जुडी घेऊनच. गाडीत बसल्या बसल्या दिनेशने तिलाही सगळं सांगितलं. आधी ती भडकली. "सख्ख्या बापाला फसवणार तू? मी तर म्हणत होते, नाना गाडी चालवत नांदगावला येतील, चार दिवस राहतील!"

"ताई, येवल्याच्या पुढे रस्त्यावर ट्रक बघितलेस का? त्या डोळ्यांनी येतील ते?"

उड्डाणपूल संपेपर्यंत ती मेथीची पानं निवडत बसली. मग नवऱ्याचं सांगायला लागली, "नवनाथ काल म्हणाले, दर रविवारी माहेर? गाडी घेताय का विमान?" आणि स्वतःच हसली. "घेऊन टाका रे एकदाची. मी नाही काही बोलत."

म्हणजे ताईही फुटली. आता नानांच्या बाजूने कोणी उरलं असेल तर आपणच, असं संध्याला वाटलं आणि त्या विचाराने तिला मुळीच बरं वाटलं नाही.

जेलरोडला घरासमोर नाना येऊन उभेच होते. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच दाढी केलेली, हातात कापडी पिशवी.

"चिवडा केलाय," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "शेंगदाणे जरा करपलेत. तेवढे बाजूला काढून खा."

*

हबीबभाईंचं पत्र्याचं गॅरेज वडाळा रोडच्या आतल्या गल्लीत होतं. धंदा आता मुलगा फरहान बघायचा, तोही नव्या गाड्यांचा, पुढच्या गाळ्यात. मागच्या शेडमध्ये म्हाताऱ्याने स्वतःसाठी दोनतीन जुन्या गाड्या राखून ठेवल्या होत्या. त्यातलीच ही, फिकट निळी, गिअर स्टिअरिंगपाशी असलेली.

दिनेशने ती आठवड्यात दोनदा येऊन बघितली होती. नानांना जे जे खटकेल असं वाटलं, ते ते त्याने हबीबभाईंकडून आधीच नीट करून घेतलं होतं. दाराचे रबर बदलले. दिव्यांच्या दोन्ही काचा एकसारख्या लावल्या. अंबडच्या कारखान्यात तो क्वालिटीलाच होता. तपासणारा माणूस काय शोधतो, हे त्याला बापाकडूनच कळलं होतं.

"या नाना, या," हबीबभाई पुढे आले. "तसल्लीने बघा. घाई नाही. आज रविवार आहे, मीपण मोकळा, तुम्हीपण मोकळे."

"मी तर मोकळाच असतो," नाना म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. खाली वाकून फरशी ठोकली. दिव्यांसमोर जाऊन मान इकडे तिकडे करत उभे राहिले. दिनेश मागे मागे फिरत बोलत होता.

"कर नाही हिला, नाना. पर्यावरण कर भरायचा नाही, दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंगचे खेटे नाहीत. ऐंशी सालची घेतली असती तर सगळं आलं असतं मागे. शोधून शोधून ही काढली मी."

"बरं."

"भंगारात काढा म्हणून कोणी म्हणणार नाही. तुमच्यानंतरही राहील ती."

"माझ्यानंतर कोण बसणार आहे हिच्यात?" नाना बोनेटच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले. "तुमची गाडी आहेच की तुम्हाला."

दिनेश मीनाताईकडे बघून भुवया उडवायला गेला, तर ती शेडच्या दाराशी हबीबभाईंच्या बायकोशी, हाजराभाभींशी, मेथीच्या भावावर बोलत होती. संध्या खुर्चीवर बसून समोर नुसतं बघत होती. हिच्या चेहऱ्यावरून सगळं कळेल नानांना, असं वाटून दिनेश तिच्या आणि नानांच्या मधे जाऊन उभा राहिला.

त्याला बापाचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटायचं. रात्रपाळी करून परतताना जेलरोडवरून जायचा तेव्हा हमखास वाटायचं. पण वाटून गाडी थांबवावी इतकी ताकद तेव्हा अंगात नसायची, आणि दुसऱ्या दिवशी बँकेचं काम, पाण्याचा टँकर, कारखान्यातलं ऑडिट, काही ना काही असायचंच. फोन करायचा तो. "जेवलात ना?" "जेवलो." एवढं झालं की दोघांचंही बोलणं संपायचं. या सात रविवारांत ते बोलले तेवढं मागच्या सात वर्षांत बोलले नसतील, तेही गंज आणि गिअरबॉक्स यांच्यावर.

"बोनेट उघडा," नाना म्हणाले.

*

बोनेटखाली डोकं घातलं की बाहेरची माणसं दिसत नाहीत. नाना तिथे जरा जास्तच वेळ राहिले.

पहिल्यांदा त्यांना गाडी खरंच हवी होती. लग्नात वरातीसाठी भाड्याने आणलेली फियाट रंगूच्या इतकी मनात भरली होती की, निवृत्तीनंतर तसलीच घेऊ, हे दोघांचं ठरलेलं. ठरलेलं तसंच राहिलं. ती गेल्यावर घरात बोलायला भिंती. टीव्ही लावला की आवाज असतो, पण टीव्ही काही 'चहा टाकू का' विचारत नाही. मग एक दिवस त्यांनी दिनेशला फोन करून म्हटलं, गाडी बघायचीय, ताईलाही बोलाव, हात लावायला. आणि आश्चर्य म्हणजे सगळे आले.

सायखेड्याला त्या दिवशी किती मजा आली होती! अँबेसिडर सडलेली होती हे अगदी खरं. पण परत येताना दिनेशने नदीकाठी गाडी थांबवली, संध्याने डबा उघडला, मीनाने रंगूच्या फ्रिजची गोष्ट पुन्हा सांगितली आणि सगळे हसले. घरी येऊन नाना झोपले ते सकाळीच जागे झाले. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी बघितलेली गाडी चांगली होती. इतकी चांगली की नाही म्हणायला जागाच नव्हती. घेतली तर? मग पुढच्या रविवारी काय? त्यांनी दाराचा आवाज पोकळ आहे म्हणून सांगितलं. तो नव्हता.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी चांगला कागद कधी वाईटात टाकला नव्हता, आणि आता दर आठवड्याला एक चांगली गाडी वाईटात टाकत होते. त्याची लाजही वाटायची. पण सोमवार ते शनिवार सहा दिवस कोणाला तरी बघायला मिळणार या आशेवर काढायचे, त्याला एवढी लाज परवडत होती.

आज मात्र पंचाईत होती. त्यांनी तार तपासली, नळ्या दाबून बघितल्या, बॅटरीखालचा पत्रा चाचपला. कुठे ओल नाही, गंज नाही, कोणी काही झाकून ठेवलेलं नाही. एका अतिशय मन लावून काम करणाऱ्या माणसाने ही गाडी सांभाळली होती. हिला खोट लावायची म्हणजे हबीबभाईंच्या तोंडावर त्यांचा अपमान करायचा.

"काय नाना?" बाहेरून दिनेश म्हणाला. "कशी आहे?"

ते सरळ झाले. पाठ दुखत होती. चौघं त्यांच्याकडे बघत होते. हाजराभाभी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या.

"चांगली आहे," नाना म्हणाले. त्यांनी फडक्याला हात पुसले. "चांगलीच आहे."

*

मीनाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच तिला वाटलं, नानांचा चेहरा असा का? माणसाला मनासारखी गाडी मिळाली तर तो असा दिसतो? अंत्ययात्रेहून परतल्यावर पाय धुताना माणसं दिसतात तसे दिसत होते ते.

दिनेश घाईला आला होता. "चला, मग हात लावून घेऊ. हबीबभाई, विसाराची पावती करा. ताई, ये. संध्या—"

"नाना, थांबा," संध्या म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. दिनेश म्हणाला, "संध्या," पण ती थांबली नाही.

"नाना, या गाडीला कर नाही हे खरं. पण ती रोज चालवता येत नाही. कायद्यातच तसं आहे. रॅलीला, प्रदर्शनाला तेवढी काढायची. बाजारात नाही, सायखेड्याला नाही, ताईंकडे नाही. आम्हाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही चालवू नये म्हणून हीच शोधली." ती दोन पावलं पुढे आली. "माझं चुकलं, मी आधी बोलायला हवं होतं."

हबीबभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "मला वाटलं, पोराने सांगितलं असेल. मी कशाला लपवणार, नाना?"

आता नाना चिडणार, या भीतीने मीनाने त्यांच्याकडे बघितलं. ते चिडले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला होता! गाल वर गेले होते, डोळे मोठे झाले होते. सात रविवारांत गाडी परतवताना त्यांचा असाच चेहरा व्हायचा, आणि ते तिच्या आजपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

"असं होय!" नाना म्हणाले. "मग नाही चालायची. चालवता येत नाही ती गाडी कसली? बघ, निघाली ना खोट! काही हरकत नाही, दिनेश, तू एवढी धावपळ केलीस पण राहू दे. ओझरला एक आहे म्हणतात, पुढच्या रविवारी—"

"नाना!" दिनेश ओरडला. पुढच्या गाळ्यातून फरहानने डोकावून बघितलं. "मी खोटं बोललो, मान्य आहे. जोड्याने मारा मला. पण एक सांगा. ही नको, ती नको, ओझरचीही तुम्हाला नकोच असणार आहे. तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये!"

नानांनी हातातलं फडकं घडी घालून बोनेटवर ठेवलं.

"नाही," ते म्हणाले.

फरहानने डोकं आत घेतलं.

"गाडी घेतली की तुम्ही कशाला याल?"

एवढ्या साध्या आवाजात म्हणाले की मीनाला आधी ते नीट ऐकूच आल्यासारखं वाटलं नाही. मग ऐकू आलं आणि ती मनात मोजायला लागली. आई गेल्यानंतर, या गाड्यांच्या आधी, आपण किती वेळा आलो? वर्षश्राद्धाला. दिवाळीत एक दिवस, तोही नवनाथांचं दुकान बंद होतं म्हणून.

"असं काय बोलता, नाना," दिनेश म्हणाला. त्याचा सगळा राग निघून गेला होता आणि त्याला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. "येतोच ना आम्ही. येऊच ना."

"याल रे. तुम्ही वाईट थोडेच आहात? कामं असतात तुम्हाला. मलाही होती. माझा बाप पळशाला एकटा होता तेव्हा मी तरी किती गेलो?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी तुमच्याशी खोटं बोललो, तुम्ही माझ्याशी. फिट्टंफाट झाली. सूनबाई, रडू नकोस. तू एकटीच खरं बोललीस आज."

मग ते हबीबभाईंकडे वळले. "हबीबभाई, मघाशी मी खोट म्हणालो ती गाडीत नाही. गाडी चोख आहे. मी घेतो."

"कशाला, नाना?" संध्या म्हणाली. "चालवता येणार नाही तर—"

"मला कुठे जायचंय? दारात उभी राहील. पुसत बसेन सकाळची." त्यांनी उजवा हात फियाटच्या टपावर ठेवला. "हं. दिनेश, ये."

दिनेशने हात ठेवला. त्याने तोंड पलीकडे फिरवलं होतं. संध्याने पदराने डोळे पुसले आणि हात ठेवला. सगळे मीनाकडे बघायला लागले.

मीनाने दोन्ही हात पाठीमागे धरले.

"मी नाही लावणार," ती म्हणाली. "मला नाही पसंत. रंग आवडला नाही."

"ताई," दिनेश हळूच म्हणाला.

"नाही लावणार म्हटलं ना! आईची रीत आहे. एकाचा हात राहिला तर सौदा होत नाही. ओझरची बघू पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कुठली बघू. नवनाथांना काय सांगायचं ते मी सांगेन. बघत राहू आपण, नाना. वर्षभर बघू!"

हाजराभाभींनी ट्रे खाली ठेवला. चहा कोणी घेतला नव्हता.

नाना गाडीला वळसा घालून तिच्याजवळ आले. तिच्याएवढेच उंच दिसत होते आता, पूर्वी बरेच उंच होते.

"मीने," ते म्हणाले, "दोन तास यायला, दोन तास जायला. एकुलता एक सुट्टीचा वार. आल्यापासून घड्याळ बघतेस तू. मला दिसत नाही का? एकच डोळा झालाय, पण चांगला झालाय."

"मी नाही बघत घड्याळ."

"बघ की. बघायलाच हवं. घर आहे तुझं." त्यांनी तिच्या पाठीमागे हात घालून तिचा उजवा हात पकडला. ती सोडेना. लहानपणी इंजेक्शनला न्यायचे तेव्हा ती अशीच मूठ वळायची, आणि ते असंच एकेक बोट उलगडून सोडवायचे. आत्ताही त्यांनी एकेक बोट उलगडलं. "तुम्ही मनाने आलात तर या. गाडी बघायला म्हणून नका येऊ आता. मला ते पुरत नाही गं. सोमवारी पुन्हा तसंच होतं."

त्यांनी तिचा पंजा टपावर टेकवला. गाडी अर्धी शेडबाहेर उन्हात उभी होती, पत्रा कोमट झाला होता.

"झाला सगळ्यांचा हात लावून," नाना म्हणाले. "हबीबभाई, करा पावती. आणि मीना, तुझी गाडी पावणेपाचची आहे ना? निघा तुम्ही. मी रिक्षाने जाईन."

कोणी निघालं नाही. मीनाच्या हातावर त्यांचा हात होता, आणि त्यांनी तो उचलला नाही.